बहिरमच्या मुक्कामाची ट्रॉली: कमानी, ताडपत्री आणि सामान भरायचा क्रम

सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावरची बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. दर्शनाला तास पुरतो. लोक येतात ते राहुटी टाकून राहायला, हंडीतलं मटण नाहीतर रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले गव्हाचे गोळे) आणि वांग्याची भाजी रांधून खायला. ज्या कास्तकाराच्या घरी ट्रॅक्टर आहे तो ट्रॉली घेऊन येतो आणि रात्री तीच खोली होते. बहुतेक ट्रॉल्या मात्र निघायच्या सकाळी हाताला येईल ते आत टाकून भरलेल्या असतात. मग अंधार पडता पडता चहाचं गंज, म्हणजे पातेलं, शोधायला अर्धी ट्रॉली उपसावी लागते, आणि पहाटे ताडपत्रीतून थेंब पडले की सगळे आभाळाकडे बघतात. आभाळ निरभ्रच असतं.

इथे दिलेला हिशोब १० बाय ६ फुटांच्या दोनचाकी ट्रॉलीचा, दहा माणसांचा आणि दोन रात्रींचा आहे. ट्रॉली लहान-मोठी असेल तर मापं बदलतील, क्रम तोच राहील.

आधी बसण्याचं बोलू. ट्रॉलीत सामान जाईल, माणसं जाणार नाहीत. ट्रॉलीत माणसं बसवून नेणं कायद्यात बसत नाही, आणि काही झालं तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्या माणसांना तिकीटच नाही. तेव्हा म्हातारीला गादीवर बसवून ट्रॉलीत नेण्यात पैशाचीही बचत नाही. ट्रॅक्टर सकाळीच पुढे पाठवावा, बाकीच्यांनी दुपारी एसटीने यावं. ते पोचतात तोवर कमानी चढलेल्या असतात.

कमानी

पूर्वी रेंगीवर (छोट्या बैलगाडीवर) बांबूच्या कमच्या वाकवून टप करत. ट्रॉलीवरही बांबू चालतो, पण दरवर्षी नवा लागतो आणि त्याची फुटकी टोकं ताडपत्री फाडतात. एकदाच खर्च करायचा तर एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप घ्या, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा. २० फुटांच्या दोन नळ्या पुरतात. प्रत्येकीचे १० फुटांचे दोन तुकडे केले की चार कमानी होतात आणि वाया काहीच जात नाही.

त्या बसवायला ट्रॉलीच्या दोन्ही लांब फाळक्यांना (बाजूच्या भिंतींना) बाहेरच्या अंगाने सव्वा इंची पाईपचे ८ इंच लांबीचे तुकडे उभे वेल्ड करून घ्यायचे, एका बाजूला चार. सव्वा इंची पाईपात एक इंची पाईप साधारण दोन मिलिमीटर खेळतो. म्हणजे हाताने सहज उतरतो आणि खडखडतही नाही. तुकड्याच्या तळाशी आडवी पट्टी मारायला सांगा, नाहीतर कमान सरळ खाली सरकते. पट्टी मारताना पाणी निघायला थोडी फट ठेवायला लावा. तळ पूर्ण बंद केला तर पावसाळ्यात पाणी साचून दोन वर्षांत गंज धरतो. वरच्या बाजूने आरपार ८ मिलिमीटरचं भोक पाडून बोल्ट टाकायचा. बोल्ट नसला तर जोरदार वाऱ्यात ताडपत्रीसकट कमान उचलली जाते. दोन कमानींतलं अंतर ३ फूट ४ इंच.

दहा फुटांच्या नळीतली दोन्हीकडची आठ-आठ इंच खोबणीत गेली की वर ८ फूट ८ इंच उरते. सहा फूट रुंदीवर ती वाकवली की मध्यावर फाळक्याच्या काठापासून दोन फूट सात इंच उंची मिळते. फाळका दोन फुटी धरला तर तळापासून मध्यभागी ४ फूट ७ इंच. माणूस ताठ बसतो, उभा राहू शकत नाही. उभं राहता यावं म्हणून काहीजण कमान फूट-दीड फुटाने उंच करतात. त्याची गरज नाही. आत झोपायचंच असतं, उंच कमानीला वारा जास्त लागतो, आणि तेरा-तेरा फुटांचे तुकडे काढले की प्रत्येक नळीमागे सात फूट शिल्लक पडतं.

वाकवताना नळीत कोरडी वाळू ठासून दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारा, नाहीतर मध्येच नळी चेपते. चेपलेली कमान पुढे कधीतरी त्याच जागी मोडते. वेल्डिंगवाल्याकडे बेंडिंग मशीन असेल तर वाळूची कटकट नाही. चारही कमानी जमिनीवर एकावर एक ठेवून तपासून घ्या. एकीचा घेर दोन इंचांनी जरी वेगळा असला तरी ताडपत्रीला तिथे खळगा पडतो आणि दव त्यातच साचतं.

कमानींना जोडायला लांबीच्या दिशेने तीन बांबू लागतात, एक माथ्यावर आणि दोन खांद्यांवर. इथे बांबू बरा. हलका असतो आणि कोणाच्याही बांधावर मिळतो. कमानीवर ताडपत्री जिथे जिथे टेकते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. वाऱ्याने ताडपत्री रात्रभर पाईपावर घासते आणि दुसऱ्या यात्रेपर्यंत कमानीच्या रेषेत बारीक भोकं पडलेली दिसतात.

ताडपत्री आणि आतलं लुगडं

१५ बाय १८ फुटांची ताडपत्री घ्या. पंधरा फूट आडवी: कमानीवरून पावणेनऊ, उरलेली दोन्हीकडे तीन-तीन फूट खाली. ती फाळका झाकून फूटभर खाली लोंबते. अठरा फूट लांबीत: दहा फूट माथ्यावर, तीन फूट पुढचं तोंड बंद करायला, पाच फूट मागे दाराला. मागचा पाच फुटांचा भाग दिवसा दोन काठ्यांवर उचलून सावली होते, रात्री खाली सोडून दार बंद होतं. २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम) प्लास्टिकची ताडपत्री या मापात पाच किलोच्या आसपास भरते, एका माणसाला उचलता येते. त्याहून पातळ घेऊ नका.

ताडपत्री जितकी चांगली, तितकी ती हवा अडवते. चार माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर वर जाते, थंड प्लास्टिकला लागते आणि पहाटे थेंब होऊन गादीवर पडते. त्याला पाऊस समजून लोक वर आणखी एक प्लास्टिक टाकतात, आणि दुसऱ्या रात्री दुप्पट ओलं होतं. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. पहिला, पुढच्या तोंडाला माथ्यापाशी वीतभर फट उघडी ठेवायची आणि मागचं दार खाली टाचेपर्यंत घट्ट करायचं नाही. दुसरा, कमानीच्या आतून सुती कापड बांधायचं. इथे घरातलं जुनं नऊवारी लुगडं अगदी मापात बसतं. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे नऊ-नऊ फुटांचे तीन तुकडे केले की प्रत्येक तुकडा कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरतो, आणि तीन पन्ह्यांत दहा फूट लांबी झाकली जाते. ताडपत्री आणि लुगडं यांच्यात दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे, म्हणून ते पाईपाच्या खालून नाडीने बांधायचं. वाफ कापडात जिरते आणि सकाळी उन्हात तासाभरात वाळते. टेरिकॉटची साडी या कामाची नाही, ती पाणी पीत नाही.

डोळे, म्हणजे ताडपत्रीच्या काठावरची पितळी नाहीतर अॅल्युमिनियमची छिद्रं, वाऱ्यात उपटून येतात. दोरी सरळ डोळ्यात बांधली की प्रत्येक झटका तिथेच बसतो. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबच्या इंचभर रुंदीच्या चकत्या कापा, डोळ्यात चकती आणि चकतीत दोरी. ट्यूब ताणली जाते, डोळा वाचतो. डोळा गेलाच तर कापडात सुपारीएवढा गुळगुळीत गोटा धरून त्याच्यामागून दोरी आवळायची. ही गाठ डोळ्यापेक्षा पक्की असते. दोरी ६ मिलिमीटरची नायलॉन घ्यावी. सुतळी दवाने आखडते आणि सकाळी गाठ सुटत नाही.

तळ

ट्रॉली आधी धुवायची, आणि साध्या पाण्याने नव्हे. तिच्यातून वर्षभर युरिया, डीएपी, फवारणीच्या औषधांचे खोके, सरकी, शेणखत असं सगळं गेलेलं असतं. कपडे धुवायची पावडर टाकून झाडूने घासून, फाळक्यांच्या कोपऱ्यातली माती पेचकसाने काढून, मागचा फाळका उघडा टाकून दिवसभर उन्हात ठेवा. कापसाचे पुंजके कब्जात आणि पट्ट्यांच्या मागे अडकतात, ते काढा. एका ठिणगीला तेवढे पुरतात.

बहिरमला रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, काही रात्री त्याच्याही खाली. लोखंडी तळाला खालून वारा लागतो, त्यामुळे पाठीला जितकी थंडी वाजते तितकी अंगावरच्या गोधडीला कळतही नाही. आधी प्लास्टिक, त्यावर रिकाम्या बारदान्याचे दोन थर, त्यावर गव्हाच्या कुटाराने (भुशाने) अर्धवट भरलेली पोती सपाट दाबून, त्यावर सतरंजी आणि मग गाद्या. तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार वापरू नका. खाजतं, आणि पोत्यातून बाहेर येतं. भंडारा-गोंदियाकडच्यांना हा प्रश्नच नाही, तिकडे धानाची तणस (भाताचा पेंढा) आहे. तिच्यासारखा बिछाना नाही, फक्त ती याच हंगामाची आणि कोरडी हवी. आवारात पडलेल्या जुन्या गंजीतल्या तणशीत विंचू निघतात.

सहा फूट रुंदीत माणसं आडवी झोपतात. पुढचे पावणेदोन फूट सामानाला गेले की सव्वाआठ फूट उरतात, दोन-दोन फुटांनी चार मोठी माणसं. पाच फूट नऊ इंचांच्या वरच्या माणसाने राहुटीत झोपावं, इथे त्याचे गुडघे वाकतील.

क्रेट

लोखंडी पेट्या, पिंपं आणि गोण्या यांच्यात सामान भरायची जुनी रीत आहे. पेट्या जड, पिंप गोल, गोणीत हात घातला की नेमकी विळी लागते. ज्यांच्याकडे संत्र्याचे किंवा टमाट्याचे प्लास्टिकचे क्रेट आहेत त्यांनी दुसरं काही बघू नये. नेहमीचा क्रेट साधारण ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि २९ उंच असतो. ट्रॉलीची सहा फूट रुंदी म्हणजे १८३ सेंटिमीटर, तिच्यात रुंदीने पाच क्रेट बसतात आणि फक्त तीन बोटं जागा राहते. दोन थर लावले की उंची ५८ सेंटिमीटर, म्हणजे फाळक्याच्या काठाच्या किंचित खाली. दहा क्रेट, पुढच्या भिंतीला चिकटून, हलायला जागाच नाही.

खालच्या पाचांत जड आणि उशिरा लागणारं: पीठ, तांदूळ-डाळ, मोठी गंजं आणि कोपर (परात), हत्यारं आणि जॅक, जास्तीचे कपडे. वरच्या पाचांत रोज लागणारं: चहा-नाश्ता, तिखट-मीठ-मसाला, ताटं-वाट्या, भाजी, आणि एक क्रेट फक्त दिवे, औषधं, काड्यापेटी यांचा. बाहेरच्या बाजूला खडूने न लिहिता रंगाने लिहा, खडू दवाने पुसतो. भाजीचा क्रेट सोडून सगळ्यांना आतून खताच्या रिकाम्या नव्या पिशवीचं अस्तर घाला. क्रेटला जाळी असते आणि रस्त्यावरची धूळ पिठापर्यंत पोचते. खत भरून आलेली पिशवी धुऊनही वापरायची नाही.

दहा माणसांना दोन रात्री, पाच जेवणं धरून: रोडग्यांना जाडसर दळलेला गहू अडीच किलो, पोळ्यांना आणखी साडेतीन किलो कणीक, तांदूळ दोन किलो, तुरीची डाळ दीड किलो, झुणक्याला बेसन एक किलो, तेल दोन लिटर, पोहे सकाळी एक किलो याप्रमाणे दोन किलो, वांगी एका वेळेची तीन किलो. चहा माणशी दिवसाला तीन कप धरला तर अडीच दिवसांत पंचाहत्तर कप होतात; पावशेर पत्ती आणि एक किलो साखर पुरते. आलू-कांदे भरपूर घ्या, सांभार (कोथिंबीर) आणि दूध तिथेच मिळतं. सराटा (उलथणं) आणि गाळणी या दोन वस्तू हमखास घरी राहतात. मोठं कोपर विसरलं तर अडीच किलो कणीक मळायला ताटं पुरत नाहीत.

हंडी नवी असेल तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिल्यांदा मंद आचेवर तापवा. कोरडी हंडी एकदम जाळावर ठेवली की तडकते. एक जास्तीची घ्या. दोन्ही टोपल्यात कुटार घालून, तोंड वर करून, गाद्यांच्या मध्ये ठेवायच्या. बऱ्याच ट्रॉल्यांना पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) नसतात, आणि पाच-सहाशे किलोच्या ओझ्याला ट्रॉली रिकामीच समजते. प्रत्येक गतिरोधकावर ती उडते. त्यामुळे ट्रॅक्टर ताशी वीसच्या पुढे नेऊ नये.

भरायचा क्रम

सामान भरताना दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात, वजन आणि गरज. वजनाचा नियम असा: दोनचाकी ट्रॉलीत निम्म्याहून थोडं जास्त ओझं धुरीच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे हवं. मग दांडी खाली दाबली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. ओझं मागे गेलं की दांडी वर उचलते, हुकात पिन ठणठण वाजते आणि उतारावर ट्रॉली शेपटासारखी डोलते. गरजेचा नियम: जे उतरल्यावर आधी लागेल ते शेवटी भरायचं.

दहा क्रेट पुढे गेले की वजनाचा प्रश्न बहुतेक सुटतो. पाण्याच्या २० लिटरच्या आठ कॅन म्हणजे १६० किलो, त्या बरोबर धुरीवर, दोन्ही चाकांकडे चार-चार. दोनशे लिटरचा ड्रम नेऊ नका. अर्धा रिकामा झाला की त्यातलं पाणी प्रत्येक वळणावर ट्रॉली ढकलतं, आणि तो उतरवायला चार माणसं लागतात. पिण्या-रांधायला माणशी दिवसाला सहा लिटर धरा, धुण्या-आंघोळीचं पाणी तिथे बघा. कॅनच्या मागे गाद्यांच्या वळकट्या, त्यांच्यात हंड्या. त्यांच्या मागे लाकडं आणि गोवऱ्या. गोवऱ्या प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या पोत्यात तोंड बांधून न्या. रात्री उघड्या राहिलेल्या गोवऱ्या दव पितात, मग रोडगे भाजत नाहीत, धुरकटतात. रोडग्याला निखाराच लागतो, जाळ नाही, आणि ओल्या गोवरीचा निखारा धरत नाही. एका रोडग्यामागे एक गोवरी आणि वर दहा-बारा, असा आमच्याकडचा अंदाज.

सगळ्यात वर चारही कमानी एकात एक आडव्या, तीन बांबू आणि घडी केलेली ताडपत्री. कमानी चढवून प्रवास करू नका. ताडपत्री वारा धरते, डिझेल जास्त जातं, आणि गावातल्या लोंबत्या तारा व बाभळीच्या फांद्या कमानीच्या उंचीलाच असतात.

आणि एक पिशवी ट्रॉलीत न भरता ट्रॅक्टरवाल्याच्या हाताशी: हातोडा, बोल्ट आणि पाना, दोरीची गुंडाळी, ट्यूबच्या चकत्या, बॅटरी, विळा, काड्यापेटी, चहा-साखर आणि एक छोटं गंज. या पिशवीवर पहिला तास निघतो.

निघताना बघायचं थोडंच आहे पण सोडायचं नाही. हुकाची पिन आणि तिची क्लिप, शिवाय साखळी. चाकांचे नट. स्टेपनी आणि ट्रॉलीचं वजन उचलेल असा जॅक. मोटारीचा जॅक इथे चालत नाही. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर. ट्रॉल्यांचे दिवे बहुधा वायर तुटल्याने बंद असतात, आणि जानेवारीच्या धुक्यात पहाटे मागून येणाऱ्याला बिनदिव्याची ट्रॉली दिसतच नाही. लाल चमकपट्टी मागच्या फाळक्याच्या पूर्ण रुंदीत लावा.

जागेवर

नाल्याकाठची सपाट जागा मोहात पाडते. तिथे रात्रीची थंड हवा साचते आणि दव दुप्पट पडतं. थोडी उंच, टणक जमीन घ्या. सूर्य मावळला की वारा सातपुड्याकडून, उत्तरेकडून खाली सरकतो. म्हणून ट्रॉली पूर्व-पश्चिम लावा, मागचं दार पूर्वेला, सकाळचं ऊन सरळ आत येतं. राहुटी ट्रॉलीच्या दक्षिण बाजूला.

राहुटीला वेगळे खांब नको. १२ बाय १५ ची दुसरी ताडपत्री दक्षिणेकडच्या फाळक्याच्या काठाला बांधा आणि तिरपी जमिनीवर आणा. फाळक्याचा काठ जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आसपास असतो. तिथून आठ फूट लांब खुंट्या ठोकल्या की उतार पावणेदहा फुटांचा होतो, बारातली सव्वादोन फूट खाली दुमडून आत घ्यायला उरते. पंधरातली अडीच-अडीच फूट दोन्ही टोकांना तिकोन झाकायला. आत सहा माणसं झोपतात. ट्रॉलीच्या खालून वारा येतो हे मात्र रात्री दोन वाजता कळतं, म्हणून उत्तरेच्या अंगाने चाकांच्या मधली जागा गोवऱ्यांच्या पोत्यांनी आणि बारदान्याने आधीच बंद करा.

आता सगळ्यात धोक्याचं. दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की ती पुढच्या टेकूवर उभी असते. रात्री चार माणसं एकदम मागच्या दाराकडे गेली तर तिचं तोंड उचलतं आणि ती मागे कलंडते. झोपायची ट्रॉली जोडलेलीच ठेवा. ट्रॅक्टर पाण्यासाठी न्यायचाच असेल तर मागच्या दोन कोपऱ्यांखाली, चॅसिसला टेकतील असे लाकडी ओंडके आधी लावा, मगच पिन काढा. चारही बाजूंनी चाकांना दगड. ट्रॉली हायड्रॉलिकची असेल तर नळी काढून ठेवा आणि ट्रॅक्टरची किल्ली खिशात. लेव्हरशी लेकरं खेळतात.

मागचा फाळका खाली पाडून दोन साखळ्यांवर आडवा धरला की सहा बाय दोन फुटांचा ओटा मिळतो. भाजी चिरायला, रोडगे थापायला याच्यासारखी जागा नाही. त्यावर बसायचं नाही, कब्जे तेवढे नसतात. ट्रॉलीचा तळ साडेतीन फूट उंच, तेव्हा तीन पायऱ्यांची लाकडी शिडी दोरीने बांधून ठेवा. म्हातारी माणसं रात्री एकदा तरी उतरतात.

चूल राहुटीच्या दक्षिणेला, १२ ते १५ फुटांवर. धूर आणि ठिणग्या दोन्ही दूर जातात. शेजारी वाळूची बादली. पाच किलोचा छोटा सिलिंडर चहापुरता न्या, झोपताना तो बाहेर. आणि निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून ताडपत्रीच्या आत कधीही न्यायची नाही, लेकरू कुडकुडत असलं तरी नाही. विझत्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, धूर नसतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. ऊब हवी तर गरम पाणी बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी द्या.

उजेडाला फवारणीच्या पंपाची बॅटरी बेस. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची ही बॅटरी या दिवसांत बहुतेक घरी नुसती पडून असते. तिच्यात ९६ वॅट-अवर असतात; अर्धीच वापरायची धरली तरी तीन वॅटचे दोन डीसी दिवे आठ तास चालतात. पूर्ण उतरवली तर ती पुढच्या हंगामात धोका देते. पंपातून काढल्यावर बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा. औषधाचे थेंब तिच्यावर असतात. पंपाची टाकी मात्र कोणत्याही पाण्याला वापरायची नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवा लावायचाच तर पाच अँपिअरचा फ्यूज मध्ये टाका. कुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी उचलून आणणारेही असतात. इकडे दिवा लागतो आणि तिकडे वावरातला हरभरा रानडुकरं खातात.

महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या यात्रेला जाणाऱ्यांना यातलं थोडं बदलावं लागेल. तिथे वैनगंगेच्या वाळूत ट्रॉलीची चाकं रुततात, म्हणून ती काठावरच्या टणक जागेत ठेवावी आणि दोन जाड फळ्या सोबत घ्याव्यात. थंडी सरलेली असते, दिवसा ऊन लागतं; लुगड्याचं अस्तर तरीही ठेवा, ताडपत्रीची धग अडते. तळाला बारदान्याचे थर कमी केले तरी चालतात, पाण्याच्या कॅन वाढवा.

परतताना

राख वाळूने न दडपता पाण्याने विझवा, वाळूखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. गरम राखेचं पोतं ट्रॉलीत टाकणाऱ्यांच्या गाद्या जळालेल्या आहेत. ताडपत्री सकाळच्या दवासकट गुंडाळावीच लागते, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी कुंपणावर वाळत घाला. ओली घडी आठवडाभर राहिली की काळे ठिपके पडतात आणि वास जात नाही. शिवाय उंदीर त्याच घडीत घर करतात. लुगडं धुऊन त्याच्या नाड्यांसकट ठेवा, पुढच्या वर्षी मापं काढायला नको. कमानी गोठ्याच्या आढ्याला टांगा. खोबण्यांची तोंडं प्लास्टिकने बांधून टाका, नाहीतर कापसाच्या वाहतुकीत त्या कचऱ्याने भरतात आणि पुढल्या डिसेंबरात पाईप आत जात नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि मग महिन्यातून एकदा. उतरलेली तशीच पडून राहिली तर पुढच्या हंगामाच्या पहिल्या फवारणीला पंप चालत नाही.